गालबोट

संत्र्यासाठी चित्र काढायचं तर
चारी कोपरे मोकळे सोडायचे,
नुन्झिओ कुत्रोना सांगायचा.
कोपऱ्यांचा होतो पीळ, पीळ जातो बुडाखाली,
तिथे काढलेला देवदूतसुद्धा गुदमरतो.
काय बोलायचं ते मधल्या वर्तुळात बोल.
आणि नाक जरा आखूड ठेव,
फळाच्या फुगवट्यावर
नाकं आपोआप वाढतात.

मी तेव्हा कतानियाच्या शिळाप्रेसमध्ये
दगड घासायचो.
एकेका रंगाला एकेक दगड:
पिवळा, लाल, निळा, तो महागडा सोनेरी,
आणि सगळ्यांत शेवटी काळा,
जो आला की चेहऱ्याला डोळे फुटायचे.

लेंतीनीच्या कालचेदोनिओ प्रिवितेराला
संत्र्याच्या कागदावर राणी हवी होती.
जर्मनीत राणी खपते म्हणे.
नुन्झिओने राणी कुठे पाहिलेली?
तो गेला प्रिवितेराच्याच वखारीत,
जिथे बायका ओळीने बसून
बोलता बोलता, न बघता
फळामागून फळ गुंडाळतात,
आणि तिसऱ्या बाकावरची अग्रिपीना
पेन्सिलीत घेऊन आला.
तिला न विचारता.
मुकुट इथे आल्यावर चढवला.

काळ्या दगडाच्या दिवशी
मी पाव ऑलिव्हच्या तेलात बुडवून खाल्ला होता.
हात पुसले होते.
म्हणजे, पुसले असं मला वाटलं होतं.
हा दगड पाणी विसरतो, तेल विसरत नाही.
उचलताना करंगळी टेकली असेल
राणीच्या डाव्या गालाला,
दगडावरच्या डाव्या,
म्हणजे कागदावरच्या उजव्या.
एवढीशीच.

चाळीस हजार कागद निघाले,
कांद्याच्या पापुद्र्यासारखे झिरझिरीत,
आणि चाळीस हजार राण्यांना
गालावर तीळ.

प्रिवितेराने भिंग मागितलं.
भिंगाची गरज नव्हती.
हे काय आहे, त्याने विचारलं.
नजर लागू नये म्हणून, नुन्झिओ म्हणाला,
आणि माझ्याकडे बघितलं नाही.
मी घासलेलाच दगड पुन्हा घासत राहिलो.
प्रिवितेराने पैसे निम्मे दिले, कागद सगळे नेले.
काय करणार, बंदरात बोट लागली होती.

वखारीत पहिली पेटी भरायच्या आतच
बायकांनी तिला ओळखलं.
आठ दिवस तिने
आपलाच चेहरा संत्र्यावर ताणला,
हनुवटीखाली पीळ दिला,
खोक्यात ठेवला, पुढचा घेतला.
नवव्या दिवशी ती प्रेसमध्ये आली.
सोबत धाकटा दीर, दारातच उभा.

म्हणाली, मुकुट राहू दे.
नाक तुम्ही कापलंय, उपकार झाले.
पण हा तीळ माझा नाही.
सासू विचारते, कुठून आला,
मी तिला काय सांगू?

नुन्झिओने टोपी काढली,
तेवढंच त्याला सुचलं.
सांगायला मला हवं होतं.
मी करंगळी मुठीत धरली
आणि पाण्याची बादली भरायला मागे गेलो.
परतलो तेव्हा ती गेलेली होती,
टेबलावरच्या रद्दीतून
एक कागद उचलून.

पुढच्या मोसमात राणी स्वच्छ छापली.
काळा दगड मीच दोनदा तपासला,
हात साबणाने धुऊन.
नुन्झिओ म्हणाला, चांगली आलीये,
आणि जेवायला निघून गेला.

फेब्रुवारीत सांत आगाताच्या मिरवणुकीत
मेणबत्त्यांच्या धुरात ती दिसली,
कडेवर पोर, हातात अर्धं सोललेलं संत्रं.
उजव्या गालावर काळा ठिपका.
काजळीचा असेल, किंवा कोळशाचा.
मी प्रेसवाला माणूस, माझ्या मनात आधी आलं ते हेच
की ठिपका सरकलाय,
केसभर खाली,
दगड असता तर परत लावला असता.

मग गर्दी पुढे ढकलली गेली.
तिने मला ओळखलं नाही.
ओळखावं असं काय होतं?
त्या चित्रात माझं एवढंच होतं,
आणि ते आता ती लावून फिरत होती.